पिशवीला टॅग आहे, जबड्यातल्या स्क्रूला नाही

डिसेंबर २०२४. जवळच्या एका मोठ्या शहरातला दातांचा दवाखाना. डॉक्टरांनी लॅमिनेट केलेला एक कागद बाबांसमोर सरकवला. त्यावर तीन ओळी होत्या: इंडियन १८,०००, कोरियन ३२,०००, स्विस ५५,०००. कॅपसकट. बाबांची खालची डावी दाढ काढून दोन महिने झाले होते आणि तिच्या जागी आता टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट बसवायचा होता.

आम्ही रिठदचे. तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. आमच्याकडे कुठलीही मोठी रक्कम आधी सोयाबीनमध्ये मोजली जाते. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्याहून कमीच मिळत होता. हमीभावाने धरलं तरी स्विस दाढ सव्वाअकरा क्विंटलची, कोरियन साडेसहाची आणि इंडियन पावणेचारच्या आतली. बाबा हाच हिशेब करत असणार, कारण ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "डाक्टरसायेब, या तिघाईत फरक काय हाय?"

"सरफेसचा, काका," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन तेच, कॅप तीच. वरच्या दोघांचा सरफेस ॲडव्हान्स्ड आहे. नॅनो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इंजिनेर हायस ना माय. मंग तूच सांग."

मला सांगता आलं नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. टायटॅनियमशी माझा संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मटेरियल्सच्या पेपरपुरता होता. आम्ही मधला घेतला. मधला घेतला की माणसाला आपण कंजूषही नाही आणि फसलोही नाही असं वाटतं. तीन भावांचा कागद बनवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

त्यानंतर वर्षभर मी या एका शब्दाच्या मागे लागले: सरफेस. आणि आता मला त्यावर भांडायचंय. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. इम्प्लांटमध्ये पृष्ठभाग खरोखरच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. पण ज्या गोष्टीच्या नावावर भाव तिप्पट होतो, ती गोष्ट नेमकी कोणती, कोणी बनवली, कोणत्या लॉटची, हे ती ज्याच्या हाडात बसते त्याला लेखी मिळत नाही. ते मिळालंच पाहिजे, आणि ते न देणं हा निष्काळजीपणा आहे, असं माझं म्हणणं आहे.

हाडाला धातू भेटतच नाही

आधी सरफेस म्हणजे काय ते पाहू, कारण हे न कळता भांडलो तर आपण फक्त भावावर घासाघीस करत बसू.

१९५२ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक बारीक खिडकी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड तिला धरून वाढलं होतं. १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात असे टायटॅनियमचे स्क्रू बसले आणि तो माणूस पुढची चाळीस वर्षं त्यांवर जेवला.

टायटॅनियमला हवा लागली की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा थर येतो, काही नॅनोमीटर जाडीचा. रक्त आणि हाडाच्या पेशी पोहोचतात त्या या थरापर्यंत. आतल्या धातूला त्या कधी भेटतच नाहीत. म्हणजे इम्प्लांट कसा स्वीकारला जाईल हे मुख्यतः त्याच्या सालीवर ठरतं. (आणि म्हणूनच "नॅनो" हा शब्द इतका सोयीचा आहे. कुठल्याही टायटॅनियमच्या तुकड्यावर नॅनोमीटर जाडीचा थर असतोच. खिळ्यावरही असतो.)

ब्रोनेमार्क यांचे सुरुवातीचे स्क्रू लेथवर टर्निंग केलेले होते, बरेचसे गुळगुळीत. ते चालायचे, पण थांबावं लागायचं: खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्या जबड्यातलं हाड भुसभुशीत म्हणून तिथे सहा. वाट पाहण्याचा हा काळ कमी करायचा आणि कमकुवत हाडातही स्क्रू टिकवायचा, यासाठी पुढची चाळीस वर्षं लोक त्या सालीवर काम करत राहिले.

पहिली कल्पना कुठल्याही गवंड्याला कळेल अशी होती. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी आधी छिन्नीने त्यावर ओरखडे पाडतो. तसंच इथे. काहींनी टायटॅनियमची भुकटी प्लाझ्माच्या झोतात वितळवून स्क्रूवर फवारली. पृष्ठभाग खूप खडबडीत झाला. काहींनी हाडात असतं त्या जातीचं खनिज, हायड्रॉक्सीॲपेटाइट, वरून चढवलं. हाडाला ते लगेच आवडायचं, पण लेप शेवटी लेपच: तो झिजू शकतो, विरघळू शकतो, धातूपासून सुटू शकतो.

मग १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी छोट्या जातीच्या डुकरांच्या हाडांत सहा वेगवेगळे पृष्ठभाग घालून तुलना केली. त्यात एक पृष्ठभाग असा होता की आधी पाव ते अर्धा मिलिमीटर दाण्याची कुरुंदाची वाळू जोरात मारायची, मग गरम आम्लात बुडवायचं. वाळूने मोठे खड्डे पडतात, आम्लाने त्या खड्ड्यांत आणखी बारीक खळगे कोरले जातात. वरून काही चढवायचं नाही, त्यामुळे सुटून येण्यासारखं काही नाही. या स्क्रूंना पन्नास ते साठ टक्के भागात हाड येऊन भिडलं. हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या लेपाला त्याहून थोडं जास्त भिडलं, पण तो लेप खंगत असल्याच्या खुणाही दिसल्या. वाळू आणि आम्लाचा तो प्रकार पुढे बाजारात आला आणि वाट पाहण्याचा काळ बऱ्याच रुग्णांमध्ये बारा आठवड्यांवरून सहावर आला.

दुसरा मोठा रस्ता विजेचा. स्क्रू विशिष्ट द्रावणात बुडवून व्होल्टेज वाढवत न्यायचं, ठिणग्या पडतात, आणि ऑक्साइडचा थर नॅनोमीटरचा मायक्रोमीटर होतो, जाळीदार छिद्रांचा. तिसरा प्रकार स्वच्छतेचा. उघड्या हवेतलं कार्बनचं प्रदूषण टायटॅनियमवर हळूहळू बसत जातं आणि पृष्ठभाग पाणी झटकायला लागतो. म्हणून काही कंपन्या स्क्रू नायट्रोजनमध्ये धुऊन मिठाच्या पाण्यातच पॅक करतात, म्हणजे रक्त लागताच ते पसरून बसतं.

आता हे सगळं मोजता येतं. खडबडीतपणाची सरासरी उंची एक ते दोन मायक्रोमीटरच्या दरम्यान असेल तर हाडाची पकड चांगली बसते, यावर या क्षेत्रात बऱ्यापैकी एकमत आहे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या पन्नासाव्या भागाइतक्या खड्ड्यांची ही गोष्ट आहे. त्याहून फार खडबडीत केलं तर हिरडीखालचे जंतूही त्या खळग्यांत सुखाने राहतात. जास्त म्हणजे चांगलं, असं इथे नाही.

स्विस हे पृष्ठभागाचं नाव नाही

तर पृष्ठभाग खरा आहे, विज्ञान खरं आहे. मग भांडण कशाचं?

पहिलं भांडण त्या लॅमिनेट केलेल्या कागदाशी. इंडियन, कोरियन, स्विस ही देशांची नावं आहेत. वाळू-आम्ल, विजेने जाड केलेलं ऑक्साइड, लेप, ही पृष्ठभागांची नावं. कोरियात अनेक कंपन्या आहेत आणि एकेका कंपनीचे अनेक पृष्ठभाग. बाबांना सांगितलेला फरक सरफेसचा होता आणि कागदावर छापलेला फरक पासपोर्टचा.

वाळू मारून आम्लात बुडवण्याची मूळ कल्पना तीस वर्षांहून जुनी आहे आणि शोधनिबंधांत छापलेली आहे. ती भारतात जमणार नाही असं काही नाही. टायटॅनियमचं खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. केरळात चवराला टायटॅनियमचा स्पंज बनतो. वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९७४ पासून आहे. तेव्हा "इंडियन" म्हणजे आपोआप हलकं, हे मी मानत नाही. आणि "आपलं ते चांगलंच" हेही मानत नाही. दोन्ही वाक्यांत स्क्रूबद्दल काहीच सांगितलेलं नाही.

दुसरं भांडण जास्त महत्त्वाचं. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये वेगवेगळ्या इम्प्लांटची तुलना करणाऱ्या २७ चाचण्या तपासल्या. १,५१२ रुग्ण, ३८ प्रकारचे इम्प्लांट. निष्कर्ष असा की एखादा विशिष्ट प्रकार दुसऱ्यापेक्षा दीर्घकाळ जास्त यशस्वी होतो याचा पुरावा मिळत नाही. उलट, गुळगुळीत पृष्ठभागाभोवती जुनाट संसर्गामुळे हाड झिजण्याचं प्रमाण खूप खडबडीत पृष्ठभागांपेक्षा कमी असल्याचे थोडे संकेत मिळाले.

हे वाचून मला आधी आनंद झाला. म्हणजे सगळे सारखेच, स्विसचे पैसे वाचले! पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की हा निष्कर्ष सगळ्या स्क्रूंबद्दल नाही. तो त्या ३८ प्रकारांबद्दल आहे, ज्यांना नाव होतं, ज्यांच्यावर कोणीतरी चाचणी केली. शिवाय बऱ्याच चाचण्या लहान होत्या. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाहीच, असं त्यावरून म्हणता येत नाही. पुरावा नावाला चिकटलेला असतो. बाबांच्या जबड्यातल्या स्क्रूला आमच्या कागदपत्रांत नावच नव्हतं. बिलावर लिहिलं होतं: "इम्प्लांट १ नग". त्यामुळे जगातला कुठलाही अभ्यास, चांगला किंवा वाईट, त्याला लागू करण्याची सोयच नव्हती.

आणि एक गोष्ट जाता जाता. तंबाखू, हिरड्यांचा जुना आजार, ताब्यात नसलेला मधुमेह, ही इम्प्लांटच्या मुळावर येणारी कारणं जगभर मान्य आहेत. बाबा तंबाखू मळतात. त्यांच्या तळहातावर चुन्याचा डाग कायम असतो. त्या दिवशी सरफेसवर दहा मिनिटं बोलणं झालं, तंबाखूवर एक वाक्यही नाही.

निर्जंतुक म्हणजे स्वच्छ नव्हे

वाळू मारणे आणि आम्लात बुडवणे ऐकायला सोपं आहे. पण वाळू किती दाबाने, आम्ल किती गरम, किती मिनिटं, नंतर किती वेळा धुतलं, या प्रत्येक गोष्टीने पृष्ठभाग बदलतो. नीट धुतलं नाही तर वाळूचे कण धातूत रुतून राहतात. लेथवरचं तेल राहतं. पॅकिंगमधल्या प्लॅस्टिकचा अंश राहतो. मग तो डबा गॅमा किरणांखाली जातो आणि त्यावरचे जंतू मरतात. मेलेले जंतू आणि तेल मात्र जागेवरच. निर्जंतुक झालं, स्वच्छ झालं असं नाही.

बर्लिनमधली क्लीनइम्प्लांट ही संस्था बाजारातले बंद डबे उघडून त्यांतले स्क्रू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. काही स्क्रू एकदम स्वच्छ निघतात आणि काहींवर सेंद्रिय डाग, धातूचे परके कण सापडतात. यांत रीतसर परवानगी मिळालेले ब्रँडही सापडले आहेत. म्हणजे पृष्ठभाग ही ब्रोशरमध्ये एकदा छापून संपणारी गोष्ट नाही. ती प्रत्येक लॉटमागे पुन्हा सिद्ध करायची गोष्ट आहे. डॉक्टरांना हे डोळ्यांनी दिसणं शक्य नाही. त्यांच्यासमोर चकचकीत नसलेला, राखाडी, चार मिलिमीटर जाडीचा स्क्रू येतो. रुग्णाला तर तोही दिसत नाही.

जी गोष्ट विकणारा सोडून कोणालाच दिसत नाही, तिथे कागद हा एकमेव डोळा असतो.

"कोणती सिस्टिम आहे?"

जानेवारी २०२५ मध्ये इम्प्लांट बसला, एप्रिलमध्ये कॅप. दिवाळीला बाबा पुण्यात आले तेव्हा कॅप हलत होती. मी त्यांना माझ्या घराजवळच्या दंतवैद्यांकडे नेलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "काळजीचं काही नाही. हाडातला स्क्रू घट्ट आहे. कॅप ज्या बारीक स्क्रूने धरलीय तो सैल झालाय. दहा मिनिटांचं काम. कोणती सिस्टिम आहे?"

बाबा म्हणाले, "कोरियन."

"कोरियन ठीक, पण कंपनी कोणती? प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा असतो. चुकीचा घातला तर स्क्रूचं डोकं झिजेल, मग काढणं अवघड."

मी आमच्या पहिल्या दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की तेव्हा दोन-तीन कंपन्यांचा माल यायचा, पाहून कळवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. रजिस्टरमध्ये "कोरियन ४.२ बाय १०" लिहिलेलं होतं, म्हणजे जाडी आणि लांबी. डबा? "मॅडम, डबे आम्ही ठेवत नाही."

पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, आट्यांच्या आकारावरून अंदाज बांधला, ओळखीच्या दोन डॉक्टरांना फोटो पाठवला आणि तिसऱ्या ड्रायव्हरने काम झालं. दहा मिनिटांच्या कामाला दोन फेऱ्या आणि चार दिवस लागले. आम्ही सुटलो. तो बारीक स्क्रू तुटला असता तर त्याच कंपनीचा सुटा भाग लागला असता, आणि कंपनीचं नाव कोणालाच माहीत नव्हतं.

माझ्या कामात रात्री दोनला सर्व्हर पडला की पहिला प्रश्न असतो: कुठली व्हर्जन चालू आहे? हे सांगता न येणाऱ्या माणसाला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी बरंच ऐकून घ्यावं लागतं. आणि तिथे फार तर कोणाची तरी ऑर्डर अडकलेली असते. इथे माझ्या बापाच्या हाडात जन्मभरासाठी एक यंत्रभाग बसवलाय आणि त्याची व्हर्जन "कोरियन" आहे.

बाबांची पत्र्याची पेटी

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे, खेड्यातल्या रुग्णाला लॉट नंबर देऊन काय उपयोग? त्याला काय कळतं?

या उत्तराचा मला मनापासून राग येतो, आणि त्याचं कारण आमच्या घरात माळ्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत आहे.

२०२० चा खरीप आठवा. मराठवाड्यात आणि विदर्भात हजारो शेतकऱ्यांचं सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारींचा पाऊस पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आमच्याही दोन पिशव्या वाया गेल्या. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: बिल, टॅग आणि रिकामी पिशवी. बाबांकडे तिन्ही होत्या. दर वर्षीच्या टॅगचा गठ्ठा ते रबर लावून त्या पेटीत ठेवतात. टॅगवर लॉट नंबर असतो, तपासणीची तारीख असते, उगवणशक्ती असते. सोयाबीनची उगवण किमान सत्तर टक्के पाहिजे, हे बाबांना तोंडपाठ आहे. पेरणीचे दिवस गेले ते गेलेच, पण बदली पिशव्या मिळाल्या. शेजारच्या एकाने टॅग चुलीत घातला होता. त्याला काही मिळालं नाही.

दहावी नापास माणूस लॉट नंबर समजतो, उगवणीची टक्केवारी समजतो, पुरावा जपून ठेवायचा असतो हेही समजतो, कारण १९६६ च्या बियाणे कायद्याने त्याच्या हातात तो टॅग दिला. जे बियाणं चार महिन्यांत कापून संपतं त्याला टॅग आहे. जे मरेपर्यंत हाडात राहणार, त्याला नाही. आणि मग आपणच म्हणतो की या लोकांना कळत नाही.

कागद नसला की काय होतं

हे मी कल्पनेने घाबरवत नाही. आपल्याकडे हे घडलेलं आहे, खुब्याच्या सांध्याबाबत. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीचा एएसआर हा धातूचा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरलं, नंतर केंद्राने समिती नेमली, भरपाईचं सूत्र ठरलं. पण बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही. बसवलेला सांधा सदोष आहे हे ज्याला कळवायचं, तो माणूस कोण आणि कुठे, याची नोंद नव्हती. गमतीची गोष्ट म्हणजे तिथेही मूळ दुखणं पृष्ठभागाचंच होतं: धातूवर धातू घासून झडणारे कण.

दातांच्या इम्प्लांटला तसं काही होणार नाही, झालं तर स्क्रू पडेल, माणूस मरणार नाही, असं म्हणता येईल. मान्य. पण स्क्रू पडतो तेव्हा हाड घेऊन पडतो, आणि साडेसहा क्विंटल सोयाबीन घेऊन पडतो.

कायदा नाही असंही नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, लॉट क्रमांक, निर्जंतुक असल्याची खूण, मुदत हे सगळं छापावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. उपकरणामुळे त्रास झाला तर कळवण्यासाठी २०१५ पासून गाझियाबादहून चालणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. म्हणजे माहिती डब्यावर आहे आणि तक्रारीची खिडकीही उघडी आहे. मधला दुवा तेवढा तुटलेला: डबा कचऱ्याच्या बादलीत जातो आणि रुग्ण "इम्प्लांट १ नग" घेऊन घरी जातो. लॉट नंबरशिवाय केलेली तक्रार कुठल्या लॉटविरुद्ध नोंदवायची?

युरोपात २६ मे २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत, शरीरात कायमच्या बसणाऱ्या उपकरणासोबत उत्पादकाने रुग्णासाठी कार्ड देणं बंधनकारक आहे. फिलिंग, ब्रेसेस, कॅप यांना सूट आहे. दाताच्या इम्प्लांटला नाही. म्हणजे झुरिकच्या रुग्णाला ज्या स्क्रूसोबत कार्ड मिळतं, त्याच स्क्रूसोबत वाशिमच्या रुग्णाला हिरव्या पिशवीत माऊथवॉश मिळतो.

तीन मागण्या

डॉक्टर मंडळी यावर चिडतील हे मला माहीत आहे, आणि त्यांचं थोडं खरंही आहे. इम्प्लांटचं बरंचसं प्रशिक्षण कंपन्यांच्याच कार्यशाळांतून मिळतं, प्रतिनिधी सांगतो ते शब्द पुढे रुग्णाला सांगितले जातात, आणि स्वतः तपासायची सोय त्यांच्याकडेही नसते. म्हणूनच माझी पहिली मागणी फुकटातली आहे. चांगल्या कंपन्यांच्या डब्यात सोलून चिकटवायचे स्टिकर असतात. एक रजिस्टरमध्ये लावा, एक रुग्णाच्या फाईलवर. वीस सेकंद लागतात. स्टिकर नसलेला डबा आला तर तो का नाही, हा प्रश्न तुम्हालाही पडला पाहिजे. सरकारने हे नियमातच लिहावं: बिलावर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर नसेल तर ते बिल नाही.

दुसरी मागणी कंपन्यांकडे. "ॲडव्हान्स्ड नॅनो सरफेस" छापणं थांबवा. प्रक्रिया कोणती, खडबडीतपणा किती मायक्रोमीटर, कशाने मोजला, कोणत्या लॉटवर, एवढं एका पानावर मराठीत द्या. बियाण्याच्या कंपनीला उगवणीचा आकडा छापावा लागतो, तुम्हालाही जमेल.

तिसरी मागणी महाराष्ट्र सरकारकडे. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि त्याच शहरात व्हीएनआयटी आहे. आयआयटी मुंबईच्या बेटिक केंद्राने २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एका टेबलाशी बसवून उपकरणं बनवली आहेत, आणि व्हीएनआयटी त्या जाळ्यात आहे. यांनी दर वर्षी बाजारातून बंद डबे विकत घ्यावेत, उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत आणि फोटो नावानिशी जाहीर करावेत. बियाण्यांचे नमुने कृषी विभागाचे निरीक्षक दुकानातून उचलतात, तसेच. यासाठी नवीन संस्था लागत नाही.

किंमत बांधून द्या असं मी मुद्दाम म्हणत नाही. हृदयाच्या स्टेंटची आणि गुडघ्याच्या सांध्याची किंमत २०१७ मध्ये बांधली गेली, आणि अनेकांना त्याचा फायदा झाला. पण इथे अजून वस्तूची ओळखच पटत नाही. ओळख न पटवता भाव बांधला तर सगळ्यांत आधी धुण्याची एक फेरी कमी होईल, आणि ती कोणाला दिसणार नाही.

आणि तुम्ही, जे हे मोबाइलवर वाचताय. तुमच्या आईचा, मामांचा, आजीचा इम्प्लांट ठरला असेल तर "कोणता चांगला?" हा प्रश्न मागे ठेवा. त्याऐवजी "स्टिकर मिळेल ना?" विचारा. डबा उघडण्याआधी विचारा, आणि मिळालेल्या स्टिकरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. ज्याला स्टिकर द्यायला अडचण वाटते, त्याच्याकडून पावणेचार क्विंटलचाही घेऊ नका.

गेल्या महिन्यात बाबांची वरची एक दाढ हलायला लागली. या वेळी ते रिसोडहून एकटेच दवाखान्यात गेले, वेगळ्या. संध्याकाळी फोन आला. भाव सांगितला, तारीख सांगितली, तंबाखू बंद करायला सांगितल्याचं जरा नाराजीने सांगितलं. मग म्हणाले, "मी म्हटलं डाक्टरले, टॅग पायजे. तो म्हणे कायचा टॅग? म्हटलं पिशवीचा रायते तसा."

"मग?"

"देतो म्हणे. पेटीत जागा हाय."